सिंटॅक्स ट्री छापली, पण वाचता येत नाही: दरवेळच्या तक्रारी आणि उपाय

पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड (सिंटॅक्स ट्री) बांधणारा प्रोग्रॅम, चुकतोय असं समजून लोक दोन-दोन दिवस व्याकरण उपसत बसतात, आणि शेवटी कळतं की झाड बरोबरच होतं, बिघडलं ते छापताना. सिंटॅक्स ट्री छापणारं फंक्शन चाळीस-पन्नास ओळींचं असतं, कुणीतरी घाईत लिहिलेलं असतं आणि त्यावर कुणी टेस्ट लिहीत नाही. म्हणून संशयितांच्या यादीत त्याचं नाव पहिलं घाला.

इथल्या, म्हणजे गोव्यातल्या, टीममध्ये हे सारखं येतं, त्याला आणखी एक कारण आहे. पाटो, पर्वरीतल्या टीम फेरीचं भाडं, घरपट्टी, देवस्थानाच्या पावत्या यांसाठी नियमांच्या छोट्या भाषा लिहितात. फर्मागुडीला कंपायलर शिकणारी मुलंही असंच काहीतरी प्रोजेक्टला घेतात. त्यात गावांची, तालुक्यांची नावं देवनागरीत असतात, कधी व्हेरिएबलंसुद्धा. अशा वेळी बहुतेक तयार ट्यूटोरियलं जे गृहीत धरतात ते मोडतं.

खालचं सगळं पायथनच्या एएसटी (ॲबस्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्री) मॉड्यूलला धरून आहे, इतर साधनांचं शेवटाकडे थोडक्यात. वर्गांची आणि फील्डची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमनच. आकड्यांचंही तेच: पायथनला देवनागरीत व्हेरिएबल चालतं, पण कोडमध्ये नुसता ५ देवनागरीत लिहिला तर अवैध अक्षर म्हणून सिंटॅक्स एरर येते. गंमत म्हणजे तोच ५ स्ट्रिंग म्हणून इंट फंक्शनला दिला तर बिनतक्रार पाच मिळतात. आणि नावाच्या शेवटी देवनागरी पाच व रोमन पाच ही दोन वेगळी व्हेरिएबलं ठरतात. झाडात ती एकाखाली एक आली की डोळे फाडून बघावं लागतं.

आधी ठरवा: झाड चुकलंय की छपाई

दोन तपासण्या पुरतात. पहिली, तोच नोड (झाडाचा एक घटक, त्याच्या खालचे ती त्याची मुलं) मॉड्यूलच्या स्वतःच्या डम्प फंक्शनने, इंडेंट २ देऊन छापा. तुमच्या छपाईत आणि त्यात फरक असेल तर विषय संपला, दोष तुमच्या फंक्शनचा. दुसरी, अनपार्स फंक्शनने झाडाचा पुन्हा कोड करा. कंस आणि अवतरणचिन्हं मूळ कोडसारखी येणार नाहीत, तिकडे लक्ष देऊ नका. अर्थ तोच असेल तर पार्सर निर्दोष आहे. इंडेंट आणि अनपार्स दोन्ही ३.९ पासून आहेत. त्याआधीच्या आवृत्तीवर अजून कुणी असेल तर आधी ती बदला.

"मी कंस दिले होते, ते झाडात नाहीत" ही तक्रार इथेच निकालात काढू. ॲबस्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्रीमध्ये कंस, कॉमेंट, रिकाम्या ओळी, अवतरण एकेरी की दुहेरी, यातलं काहीच राहत नाही. शेजारी-शेजारी लिहिलेल्या दोन स्ट्रिंग एकच कॉन्स्टंट होऊन येतात. उणे एक हा आकडा नसतो, तो युनरीऑपच्या (एकाच पदावरच्या क्रियेच्या नोडच्या) पोटातला एक असतो. हे सगळं जपायचं असेल तर लिबसीएसटी किंवा ट्री-सिटर या साधनांसारखं काँक्रीट झाड, म्हणजे मूळ कोडची प्रत्येक खूण जपणारं, लागतं. छपाई कितीही सुधारली तरी जे झाडातच नाही ते येणार कुठून?

सगळं एका ओळीत, किंवा प्रत्येक ओळीवर फुकटचा पसारा

इंडेंट दिला नाही तर डम्प अख्खी फाइल एका ओळीत ओततो. इंडेंट दिला की ओळी होतात, पण मग लोड, स्टोअर, ॲड, मल्ट यांना स्वतंत्र ओळी मिळतात आणि पाच शब्दांच्या नियमाला वीस ओळी लागतात. दोन साध्या युक्त्यांनी निम्मा पसारा जातो: कॉन्टेक्स्टचं फील्ड (नाव वाचलं जातंय की त्यात किंमत ठेवली जातेय ते सांगणारं लोड किंवा स्टोअर) छापूच नका, आणि ऑपरेटरला वेगळा नोड न मानता त्याची खूण वरच्याच ओळीत लिहा. "एकूण = भाडे * नग + सामान" ही ओळ मग अशी दिसते:

असाइन
├─ टार्गेट्स[०]: नेम 'एकूण'
└─ व्हॅल्यू: बायनऑप +
   ├─ लेफ्ट: बायनऑप *
   │  ├─ लेफ्ट: नेम 'भाडे'
   │  └─ राइट: नेम 'नग'
   └─ राइट: नेम 'सामान'

बायनऑप म्हणजे दोन पदांवरची क्रिया. गुणाकार आधी बांधला गेला हे वाचायला आता डोकं लावावं लागत नाही. फील्डचं नाव मात्र गाळू नका. "लेफ्ट", "राइट" काढून टाकले तर ओळी सुटसुटीत दिसतात, पण वजाबाकीत कोण कुणातून जातंय ते कळत नाही.

फक्त नियुक्तीच्या डाव्या बाजूचाच गोंधळ शोधत असाल, म्हणजे स्टोअरच्या जागी लोड आलाय असा संशय असेल, तर कॉन्टेक्स्ट पुन्हा दाखवा. यासाठी एक स्विच ठेवा, डीफॉल्ट बंद.

रेषा लोंबकळतात

शेवटच्या मुलापुढे "└─" ऐवजी "├─" येतं आणि खाली रेष कुठेच पोचत नाही. कारण जवळजवळ नेहमी एकच: "शेवटचं मूल" कोणतं ते आधी ठरवलं आणि नन (पायथनचं 'काही नाही') किंवा रिकामी मुलं नंतर गाळली. क्रम उलटा हवा:

छाप(नोड, उपसर्ग):
    मुलं = रिकामी यादी
    नोडच्या प्रत्येक फील्डसाठी (नाव, किंमत):
        किंमत यादी असेल तर प्रत्येक घटक, नाव[क्रमांक] सह, मुलांत
        किंमत नोड असेल तर मुलांत
        बाकी काहीही असेल तर शीर्षकाच्या ओळीत
    नको असलेली मुलं आत्ताच गाळा
    प्रत्येक मुलासाठी:
        शेवटचं: खूण "└─ ", पुढचा उपसर्ग = उपसर्ग + तीन स्पेस
        इतर:    खूण "├─ ", पुढचा उपसर्ग = उपसर्ग + "│" + दोन स्पेस

खुणेची आणि उपसर्गाची रुंदी सारखीच, तीन अक्षरं. एका जागी तीन आणि दुसऱ्या जागी चार झाली तर पहिल्या दोन पातळ्यांत जाणवत नाही, पाचव्या पातळीवर रेषा भलत्याच नोडखाली येतात. उपसर्गात टॅब वापरू नका, प्रत्येक एडिटर तो आपल्या मर्जीने रुंद करतो.

मुलं गायब होतात

हा प्रकार जास्त घातक, कारण छपाई नीटनेटकी दिसते. मुलं मिळवायला बहुतेक जण आयटर-चाइल्ड-नोड्स वापरतात. ते फक्त नोड देतं. स्ट्रिंग, आकडे आणि नन ते मुकाट गाळतं. फेरीच्या दरांचा डिक्शनरी असा लिहिलाय समजा: आधी दोन तारे देऊन जुने_दर पसरवले, मग 'बेती' या किल्लीला एक आकडा दिला. झाडात कीज यादी [नन, कॉन्स्टंट 'बेती'] अशी असते आणि व्हॅल्यूज यादीत दोन नोड असतात, कारण पसरवलेल्या डिक्शनरीला किल्ली नसते, तिथे नन असतो. नन गळला की छपाईत किल्ली एक, किमती दोन, आणि वाचणारा 'बेती'ची जोडी जुने_दरशी लावतो. पुढचे दोन तास मग "पार्सर किल्ल्या सरकवतोय" या समजुतीत जातात.

उपाय: याद्यांतला नन कधीही गाळू नका, "नन" असं लिहूनच दाखवा. डिक्शनरीसाठी तर किल्ली आणि किंमत जोडीने छापणारी खास शाखा लिहा. मॉड्यूलच्या क्रमाने आधी सगळ्या किल्ल्या आणि मग सगळ्या किमती येतात, तीसेक नोंदींच्या डिक्शनरीत ते वाचणं अशक्य आहे. फंक्शनच्या आर्ग्युमेंट्सचीही अशीच खोड आहे: डीफॉल्ट्सची यादी पोझिशनल आर्ग्युमेंट्सच्या शेवटापासून जुळवायची असते. तीन आर्ग्युमेंट्स आणि एक डीफॉल्ट असेल तर तो तिसऱ्याचा, पहिल्याचा नव्हे. केडब्ल्यू-डीफॉल्ट्समध्ये (फक्त नावाने द्यायच्या आर्ग्युमेंट्सच्या डीफॉल्ट्समध्ये) मात्र डीफॉल्ट नसलेल्या जागी नन असतो, म्हणजे तिथे सरळ जोड्या लागतात. एकाच नोडमध्ये दोन पद्धती! त्यामुळे आर्ग्युमेंट्सही जोड्या लावूनच छापलेले बरे.

आयटर-फील्ड्स वापरत असाल तर आणखी एक सापळा आहे. नोडवर एखादं फील्ड नसेलच, तर ते ॲट्रिब्यूट एरर गिळून पुढे जातं. आता फील्ड नसेलच असं केव्हा होतं? नोड-ट्रान्सफॉर्मरमधल्या (झाडात बदल करणाऱ्या वर्गातल्या) तुमच्या व्हिजिट मेथडमध्ये रिटर्न लिहायचं राहिलं की. पायथनच्या नियमाने ती नन परत देते, आणि ट्रान्सफॉर्मर ननचा अर्थ "हा नोड काढून टाक" असा घेतो. नोड यादीत असेल तर यादीतून जातो, एकट्या फील्डमध्ये असेल तर ते फील्डच नोडवरून पुसलं जातं. मग बायनऑपला लेफ्टच उरत नाही, आणि छपाईत नुसता राइट दिसतो, कुठलीही तक्रार न येता. म्हणून आयटर-फील्ड्सवर न विसंबता नोडच्या फील्डनावांच्या यादीवरून स्वतः फिरा आणि जे सापडणार नाही तिथे ‹फील्ड नाही› असं ठळक छापा. ही दोन ओळींची भर बाकी सगळ्या सजावटीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बाण भलतीकडे जातो

झाडासोबत मूळ कोडची ओळ आणि तिच्याखाली बाण छापायची सोय बहुतेक छोट्या लायब्रऱ्यांत असते. इंग्रजी नावांवर ती चोख चालते. देवनागरी आली की बाण ओळीच्या बाहेर, पार उजवीकडे जातो. ही ओळ घ्या:

भाडे = दर['म्हापसा'] + कर

'कर' या नोडचा कॉलम-ऑफसेट, म्हणजे ओळीत तो कितव्या जागी सुरू होतो तो आकडा, किती? मॉड्यूल ४९ सांगतं. अख्खी ओळ २५ अक्षरांची आहे! कारण कॉलम-ऑफसेट अक्षरांत नसतो, यूटीएफ-८ च्या बाइटांत असतो. देवनागरीचं प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह, जसं अक्षर, काना किंवा हलन्त) तीन बाइट खातं. 'कर'च्या आधी 'भाडे'चे ४, 'दर'चे २ आणि 'म्हापसा'चे ७ असे १३ देवनागरी कोडपॉइंट, म्हणजे ३९ बाइट. स्पेस, कंस, अवतरणं, चिन्हं धरून १० साधी अक्षरं. बेरीज ४९. कोडपॉइंट मोजले तर 'कर' २३ व्या जागी आहे, शून्यापासून मोजून. आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजली तर १७ व्या, कारण 'म्हापसा'त म, हलन्त, ह, काना, प, स, काना असे सात कोडपॉइंट असले तरी पडद्यावर म्हा, प, सा अशी तीनच अक्षरं उमटतात.

म्हणजे एकाच जागेचे तीन आकडे: ४९, २३, १७. आणि तुम्ही कुणाशी बोलताय त्यावर कोणता वापरायचा ते ठरतं.

मूळ मजकुराचा तुकडा हवा असेल तर स्वतः कापाकापी करू नका, गेट-सोर्स-सेगमेंट वापरा. ते बाइटांचा हिशेब धरूनच कापतं. ४९ वरून २३ काढायचे असतील तर ओळ यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा, पहिले ४९ बाइट घ्या, डीकोड करा आणि लांबी मोजा. एडिटरला आकडा द्यायचा असेल, तर लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि भाषेची साधनं यांच्यात बोलण्याची ठरलेली पद्धत) मूळचा यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतो. देवनागरीचं प्रत्येक कोडपॉइंट तिथे एकच एकक असल्यामुळे तिकडेही २३ च पाठवायचे. इमोजी आली की हे गणित बिघडतं, पण घरपट्टीच्या नियमांत इमोजी कशाला येईल.

आणखी घोळ म्हणजे सिंटॅक्स एररमधला ऑफसेट बाइटांत नसतो, अक्षरांत असतो, आणि एकपासून सुरू होतो. नोडचा कॉलम शून्यापासून, ओळ क्रमांक मात्र एकपासून. हे तिन्ही एकाच फंक्शनला देऊ नका. शिरतानाच "शून्यापासून, कोडपॉइंटमध्ये" या एका मापात आणा, पुढे सगळीकडे तेच.

बाण १७ व्या जागी काढायचा प्रयत्न केला तरी तो नीट बसेलच असं नाही. टर्मिनलचा फाँट जोडाक्षराला किती रुंदी देतो त्यावर ते अवलंबून असतं, आणि दोन टर्मिनलांचं त्यावर एकमत नसतं. आमचं मत स्पष्ट आहे: देवनागरी मजकुरात बाण काढूच नये. नोडचा तुकडा दोन ठळक खुणांमध्ये घालून ओळ पुन्हा छापा:

भाडे = दर['म्हापसा'] + ⟦कर⟧

रुंदीचा प्रश्नच उरत नाही, लॉगमधून कॉपी केलं तरी खूण जागेवर राहते.

याच कारणाने ओळ-कॉलमचे आकडे उजवीकडच्या रकान्यात लावू नका. एलजस्टने भरलेल्या स्पेस कोडपॉइंट मोजून भरलेल्या असतात. 'फोंडा' त्याच्या लेखी पाच, पडद्यावर दोन अक्षरं. मग प्रत्येक ओळीवर आकडे वेगळ्या जागी पडतात. स्थान डावीकडे, ओळीच्या सुरुवातीला, ठरावीक रुंदीत छापा आणि झाड त्याच्या उजवीकडे मोकळं सोडा.

दोन नोड अगदी सारखे दिसतात, तरी तुलना खोटी

क्षेत्र == 'किनाऱ्यालगत' अशी अट आहे, डेटातही किनाऱ्यालगतच आहे, तरी अट लागत नाही. झाड छापलं तर दोन्हीकडे तेच दिसतं.

अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त येतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे यू+२००डी हे न दिसणारं अक्षर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण पहिल्यात ११ कोडपॉइंट, दुसऱ्यात १२. युनिकोड नॉर्मलायझेशनही (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं तर त्याला एक रूप देणंही) हे दोन एक करत नाही, त्यामुळे एनएफसी लावून सुटका नाही. डेटा आत घेतानाच र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक ओळ लिहावी लागते.

छपाईतला धडा वेगळा: कॉन्स्टंटची किंमत एसटीआरने छापली तर जॉइनर लपतो, रेप्रने छापली तर तो त्याच्या कोडसकट उघडा पडतो. म्हणून स्ट्रिंग नेहमी रेप्रने छापा. हाच जॉइनर व्हेरिएबलच्या नावात असेल तर झाडापर्यंत गाडी पोचतच नाही, न छापता येणारं अक्षर म्हणून पार्सर अडवतो. शिवाय नावं पार्सर एनएफकेसीने नॉर्मलाइझ करतो, स्ट्रिंगना मात्र हात लावत नाही. त्यामुळे झाडातलं नाव मूळ फाइलमध्ये शोधताना क्वचित सापडत नाही, तेव्हा आधी ओळ क्रमांकावर जा.

झाड एका बाजूला कलंडतं, मग रिकर्शन एरर

गोव्यात ग्रामपंचायती १९१. त्यांची वसुली एकेक करून अधिक चिन्हाने जोडणारं सूत्र एखाद्या स्क्रिप्टने तयार केलं, तर १९० बायनऑप एकात एक बसतात. बेरीज डावीकडून बांधली जाते, म्हणून पहिली पंचायत सगळ्यांत खोल. पातळीला तीन अक्षरं धरली तर तिच्या ओळीआधी ५७० अक्षरांचं अंतर. नदीकाठचा माड पाण्यावर झुकावा तसं झाड उजवीकडे झुकत जातं आणि टर्मिनल ओळी दुमडून त्याचा लगदा करतं.

उपाय म्हणजे साखळी सपाट करून छापणं. लेफ्टमध्ये त्याच ऑपरेटरचा बायनऑप आहे तोवर आत जात पदं गोळा करा, मग "साखळी +, १९१ पदं" असं शीर्षक आणि खाली पदं ओळीने. फक्त डावीकडच्याच साखळीवर हे करा. अ - (ब - क) मध्ये उजवीकडे बायनऑप आहे, तो सपाट केला तर अर्थच बदललेला दिसेल. छपाईत सपाट केलंत हे शीर्षकात दिसलंच पाहिजे, नाहीतर पुढचा माणूस झाडच तसं आहे असं समजून कोड लिहील.

अँड आणि ऑरच्या साखळ्या मुळातच सपाट असतात: एक बूलऑप, त्यात व्हॅल्यूजची यादी. "शून्य < वय < बारा" हाही एकच कम्पेअर नोड, त्यात ऑप्सची एक यादी आणि कम्पॅरेटर्सची दुसरी. या दोन याद्या वेगवेगळ्या छापल्या की कोणती खूण कुणापुढे ते कळत नाही, त्यांच्याही जोड्या लावा.

पदं हजाराच्या आसपास गेली की पायथनची रिकर्शनची मर्यादा आडवी येते, डीफॉल्ट १०००. तुमचं फंक्शन एका पातळीला दोन फ्रेम वापरत असेल तर त्याच्या निम्म्यातच. मर्यादा वाढवणं हा पहिला सुचणारा आणि सर्वांत वाईट उपाय. जुन्या आवृत्त्यांत ती फार वाढवली तर सी स्टॅक संपतो आणि ट्रेसबॅकही न देता प्रोसेस मरते. रिकर्शन काढून (नोड, उपसर्ग, खूण) अशा तिकड्यांचा स्वतःचा स्टॅक ठेवा, मुलं उलट क्रमाने ढकला. वीसेक ओळींचं काम आहे.

एल्सइफची गोष्ट याचीच बहीण. झाडात एल्सइफ नावाचा नोड नाही, आधीच्या इफच्या ऑरएल्समध्ये दुसरा इफ असतो. १२ तालुक्यांना बारा शाखा लिहिल्या तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत अकरा पातळ्या खाली उतरावं लागतं. ऑरएल्समध्ये एकच नोड असेल, तो इफ असेल आणि त्याचा कॉलम-ऑफसेट वरच्या इफइतकाच असेल तर तो एल्सइफ. तो त्याच पातळीवर "एल्सइफ" म्हणून छापा. कॉलम जास्त असेल तर कुणीतरी खरंच एल्सच्या आत इफ लिहिलाय, तो आतच ठेवा.

आवृत्ती बदलली आणि सगळ्या टेस्ट लाल

डम्पचा मजकूर फाइलीत साठवून त्याच्याशी तुलना करणाऱ्या टेस्ट पायथन बदललं की पडतात. ३.८ मध्ये नम, एसटीआर वगैरे नोड जाऊन सगळीकडे कॉन्स्टंट आला. ३.९ मध्ये सबस्क्रिप्टमधला इंडेक्स नोड गेला. ३.१२ मध्ये फंक्शन आणि क्लासच्या नोडना टाइप-पॅरॅम्स हे नवं फील्ड मिळालं, आणि रिकामं असूनही ते डम्पमध्ये दिसू लागलं. ३.१३ मध्ये उलट झालं: डम्प रिकाम्या याद्या डीफॉल्टने गाळतो, जुनं रूप हवं तर शो-एम्प्टी द्यावं लागतं. ३.१४ मध्ये नम, एसटीआर यांची जुनी नावंही काढून टाकली, त्यामुळे त्यांच्यावर लिहिलेली जुनी छपाई आता सरळ कोसळते.

साठवायचंच असेल तर स्वतःच्या फंक्शनचा मजकूर साठवा आणि त्यात रिकाम्या याद्या व नन फील्ड गाळण्याचा नियम स्वतः ठरवा. हा नियम एकट्या फील्डपुरता. यादीच्या आतल्या ननला तो लावायचा नाही, कारण वर आलंच आहे. नोडचा मेमरी पत्ता साठवलेल्या मजकुरात कधीही येऊ देऊ नका. ओळख हवीच असेल तर छापण्याच्या क्रमाने #१, #२ असे क्रमांक द्या. ३.१४ वर असाल तर दोन झाडांची तुलना मजकुराने करायची गरजच नाही, मॉड्यूलमध्ये कम्पेअर फंक्शन आलं आहे.

विंडोजवर पडद्यावर चालतं, फाइलीत नाही

थेट टर्मिनलवर झाड नीट, पण तेच फाइलीत वळवलं की कॅरमॅपची एन्कोड एरर. टर्मिनलशी पायथन यूटीएफ-८ मध्ये बोलतं, फाइल किंवा पाइप आला की सिस्टिमचं जुनं कोडपेज घेतं, आणि त्यात ना "├" असतं ना देवनागरी. एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथनयूटीएफ८ ची किंमत १ करा, किंवा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एसटीडी-आउट यूटीएफ-८ ला रीकॉन्फिगर करा. रेषांसाठी साध्या चिन्हांचा पर्याय ठेवलात तरी नावं देवनागरीत असतील तर तेवढ्याने भागणार नाही.

छपाई थांबतच नाही

ट्रान्सफॉर्मरने एखादा नोड त्याच्याच पोटात बसवला की चक्र होतं. सध्या मुळापासून इथपर्यंतच्या वाटेवर असलेल्या नोडचे आयडी एका संचात ठेवा, पुन्हा तोच आला तर "↑ चक्र" लिहून परता. वाटेवरचा संच आणि एकूण पाहिलेल्यांचा संच यांत गल्लत नको. एकच नोड दोन जागी वापरला असेल तर ते चक्र नाही, पण सांगण्यासारखं नक्कीच आहे, कारण एका जागी केलेला बदल दुसरीकडेही दिसतो. त्यातून लोड, स्टोअर, ॲड वगैरे वगळा: पार्सर त्यांची एकेकच प्रत सगळीकडे वापरतो, आणि त्यांना न वगळल्यास प्रत्येक ओळीवर खोटी सूचना येते.

पायथनचं झाड नसेल तर

लार्क, अँटलर ही पार्सर बनवणारी इतर साधनं. लार्कमध्ये झाड छापणारं प्रेटी वापरल्यावर "अधिक चिन्ह कुठे गेलं" असं वाटतं. व्याकरणात थेट अवतरणात लिहिलेले टोकन लार्क डीफॉल्टने गाळतं. ते हवे असतील तर टोकनला नाव द्या किंवा कीप-ऑल-टोकन्स चालू करा. अंडरस्कोरने सुरू होणारे नियम झाडात दिसत नाहीत, प्रश्नचिन्हाचे नियम एकच मूल असेल तेव्हा विरघळतात. अँटलरच्या टू-स्ट्रिंग-ट्रीला पार्सर दिला नाही तर नियमांची नावं येत नाहीत, तो द्या. ट्री-सिटरचा कंसांतला डम्प निनावी नोड दाखवत नाही, आणि त्याचा कॉलमही बाइटांतच असतो, म्हणून वरचं ४९-२३ चं गणित तिथेही लागू.

लॉगमध्ये छापताना

डीबग पातळी बंद असली तरी प्रोग्रॅम मंद चालतो, कारण लॉगला देण्यासाठी झाडाचा मजकूर आधीच तयार केला जातो आणि मग टाकून दिला जातो. झाडाभोवती एक छोटा वर्ग गुंडाळा, त्याच्या एसटीआर मेथडमध्ये छपाई करा आणि लॉगला "%" वाल्या पद्धतीने ती वस्तू द्या. एफ-स्ट्रिंग वापरलीत तर पुन्हा तेच, मजकूर लगेच तयार होतो. खोलीची मर्यादा ६ आणि यादीत पहिले २० घटक एवढ्यावर बहुतेक बग सापडतात. गाळलेल्यांच्या जागी "…आणखी १७१" असा आकडा जरूर द्या. नुसते तीन ठिपके दिले तर यादी तिथेच संपली की कापली, हे वाचणाऱ्याला कळत नाही.